क्रमांक कोणत्या क्रमाचा? एक्सएमएलच्या रूपांतरात भावंड घटकांची गणती

गृहनिर्माण संस्थेच्या वार्षिक सभेचे इतिवृत्त एक्सएमएलमध्ये नोंदलेले आहे आणि त्यावरून सभासदांस वाटावयाची प्रत स्टाइलशीटच्या द्वारे तयार करावयाची आहे, असे धरून चालू. मूळ दस्तऐवजात ठरावांना क्रमांक घातलेले नाहीत, आणि ते नसणेच इष्ट. कारण ऐनवेळी एखादा ठराव मध्ये घालावा लागला किंवा गाळावा लागला, तर पुढील सर्व आकडे हाताने बदलीत बसण्याची पाळी मसुदा लिहिणाऱ्यावर येऊ नये, याच हेतूने मजकूर आणि मांडणी यांची फारकत केलेली असते. क्रमांक लावण्याचे काम साहजिकच स्टाइलशीटच्या वाट्याला येते. दस्तऐवज असा आहे:

<इतिवृत्त>
  <मथळा>हिशेब</मथळा>
  <ठराव निर्णय="मंजूर">मागील वर्षाचा जमाखर्च</ठराव>
  <ठराव निर्णय="तहकूब">लेखापरीक्षकाची नेमणूक</ठराव>
  <टिपण>अध्यक्षांचा खुलासा</टिपण>
  <मथळा>इमारत</मथळा>
  <ठराव निर्णय="मंजूर">गच्चीची गळती</ठराव>
  <ठराव निर्णय="मंजूर">पाण्याची टाकी</ठराव>
</इतिवृत्त>

घटकांची नावे अशी देवनागरीत ठेवण्यास एक्सएमएलची मुभा १९९८ च्या पहिल्या आवृत्तीपासूनच आहे. स्टाइलशीटचे आदेश मात्र रोमन लिपीतच लिहावे लागतात. प्रस्तुत लेखात ते केवळ वाचनाच्या सोयीसाठी नागरीत उतरविले आहेत, हे वाचकांनी ध्यानात ठेवावे.

वरील दस्तऐवजात चार ठराव आहेत आणि त्यांना एक ते चार हे आकडे द्यावयाचे आहेत. काम इतके सोपे दिसते की कोणता आदेश वापरावा याचीच चौकशी बहुतेक जण करतात, आणि हा आकडा नेमका कोणत्या क्रमाची साक्ष देणार आहे, हा त्याआधीचा प्रश्न विचारावयाचा राहून जातो. वस्तुतः क्रम तीन प्रकारचे संभवतात. मूळ दस्तऐवजात घटक कितव्या स्थानी आहे हा एक. छापील प्रतीत, म्हणजे निवड आणि वर्गवारी होऊन गेल्यावर, तो कितव्या स्थानी येतो हा दुसरा. आणि स्थान कोणतेही असो, त्या घटकाला एकदा देऊन ठेवलेला व दप्तरी दाखल झालेला क्रमांक हा तिसरा. साध्या यादीत हे तिन्ही आकडे एकच असतात, आणि म्हणून चुकीचा आदेश वापरूनही उत्तर बरोबर येते. यादी जरा गुंतागुंतीची झाली की ते एकमेकांपासून फुटतात आणि मग दोष कोठे शिरला याचा छडा लागत नाही.

इतर भाषांत आज्ञावली लिहिण्याची सवय असलेला मनुष्य येथे प्रथम काय करतो, तर एक चल घेतो, त्यात शून्य घालतो, आणि प्रत्येक फेरीला त्यात एक मिळवू पाहतो. स्टाइलशीट ज्या भाषेत लिहिली जाते, त्या एक्सएसएलटीमध्ये हा मार्ग बंद आहे. चलाला एकदा दिलेली किंमत पुन्हा बदलता येत नाही, आणि फॉर-ईचच्या आत नव्याने घोषित केलेला चल प्रत्येक फेरीला नवाच असल्यामुळे आकडा जागचा हलत नाही. ही उणीव नव्हे. जेम्स क्लार्क यांच्या संपादनाखाली १६ नोव्हेंबर १९९९ रोजी जी एक्सएसएलटी १.० सिद्ध झाली, तिच्या मागे स्कीम या भाषेवर आधारलेल्या डीएसएसएसएल या स्टाइलशीट-भाषेची परंपरा उभी होती, आणि घटक कोणत्या अनुक्रमाने हाताळावेत याची मोकळीक प्रोसेसरला देणे हे त्या परंपरेचे तत्त्वच होते. जेथे कामाचा अनुक्रमच ठरलेला नाही, तेथे वाढत जाणाऱ्या आकड्याला अर्थ उरत नाही. गणकाचा नाद सोडून घटकालाच त्याचे स्थान विचारावे, हाच तेथील रिवाज.

स्थान विचारण्याचे सर्वांत स्वस्त साधन म्हणजे पोझिशन() हे फंक्शन. परंतु ते मूळ दस्तऐवजाकडे पाहतच नाही. या क्षणी हाताळण्यासाठी जी यादी निवडली आहे, तिच्यात चालू घटक कितवा, एवढेच ते सांगते. पंगतीत आपले पान कितवे, हे घरच्या वंशावळीवरून ठरत नाही, बसलेल्या ओळीवरून ठरते, तसाच हा हिशेब आहे. या एका गोष्टीतून पोझिशन()चे सारे गुण आणि सारी संकटे उद्भवतात.

इतिवृत्त या घटकाच्या टेम्प्लेटमध्ये अप्लाय-टेम्प्लेट्स हा आदेश कोणतीही निवड न देता लिहिला आणि ठरावाच्या टेम्प्लेटमध्ये पोझिशन() छापले, तर अपेक्षित एक, दोन, तीन, चार यांच्या जागी ४, ६, १२, १४ असे आकडे उमटतात. पाहणारा चक्रावून जातो, पण कारण अगदी सरळ आहे. निवड दिली नाही की सर्व अपत्य नोड हाताळले जातात, आणि नोड म्हणजे केवळ घटक नव्हेत. दोन घटकांच्या मधली नवी ओळ आणि ओळीच्या आरंभीची मोकळी जागा मिळून एक मजकूर-नोड बनतो. पहिली रिकामी जागा एक, हिशेबाचा मथळा दोन, पुढची रिकामी जागा तीन, आणि पहिला ठराव चौथा. स्टाइलशीटच्या आरंभी स्ट्रिप-स्पेस हा आदेश सर्व घटकांसाठी दिला तर रिकाम्या जागा गळतात आणि आकडे २, ३, ६, ७ असे होतात. सुधारणा झाली खरी, पण मथळे आणि टिपणे अद्याप मोजली जातच आहेत. खरा उपाय निवड स्पष्ट करण्यात आहे. अप्लाय-टेम्प्लेट्सला सिलेक्टमध्ये ‘ठराव’ असे सांगितले की यादीत ठरावच येतात आणि आकडे १, २, ३, ४ असे मिळतात. मायक्रोसॉफ्टचा एमएसएक्सएमएल हा प्रोसेसर दस्तऐवज वाचतानाच अशा रिकाम्या जागा मुळात टाकून देतो, त्यामुळे त्याच्यावर तयार केलेले स्टाइलशीट दुसऱ्या प्रोसेसरवर नेले की क्रमांक एकाएकी दुप्पट उड्या मारू लागतात, आणि दोष नव्या प्रोसेसरच्या माथी मारला जातो. निवड न देता आदेश लिहिला असेल, तर कोणी दस्तऐवजात एखादी टिप्पणी घातली तरी आकडे सरकतात, कारण टिप्पणी हाही नोडच आहे.

आता केवळ मंजूर ठराव छापावयाचे आहेत. येथे दोन वाटा फुटतात. सर्व ठराव निवडून आत इफच्या अटीने तहकूब ठराव गाळला, तर छापील प्रतीत १, ३, ४ असे आकडे येतात. गाळलेल्या ठरावाने आपली जागा अडवून ठेवलेलीच असते. हीच अट सिलेक्टमध्ये चौकोनी कंसात घातली, म्हणजे ‘ठराव[@निर्णय='मंजूर']’ असे लिहिले, तर १, २, ३ असा अखंड क्रम मिळतो. यांपैकी एक बरोबर आणि दुसरे चूक असे सरसकट म्हणता येणार नाही. सभासदांना मंजूर ठरावांची यादी हवी असेल तर दुसरी वाट योग्य. परंतु सभेत तिसरा म्हणून चर्चिला गेलेला ठराव यादीतही तिसराच दिसावा अशी चिटणीसांची इच्छा असेल, तर पहिल्या वाटेने पडणारा खंड हाच खरा इतिहास होय.

वर्गवारीच्या वेळी हा भेद सर्वांत ठळक होतो. सॉर्ट आदेशाने ठराव अकारविल्हे लावले की गच्चीची गळती, पाण्याची टाकी, मागील वर्षाचा जमाखर्च आणि लेखापरीक्षकाची नेमणूक असा क्रम लागतो, आणि पोझिशन() त्यांना निमूटपणे एक ते चार असे आकडे देते. नंबर हा आदेश त्याच जागी वापरला तर ३, ४, १, २ असे आकडे येतात, कारण तो छापील ओळीकडे न पाहता मूळ झाडाकडे पाहतो. ‘सॉर्ट केल्यावर नंबर बिघडतो’ अशी जी तक्रार वारंवार कानी येते, ती करणाऱ्याने चुकीच्या साक्षीदाराला साक्षीस बोलावलेले असते, इतकेच. छापील क्रम हवा आणि नंबरची आकडे सजविण्याची सोयही हवी, तर त्याच्या व्हॅल्यू या ॲट्रिब्यूटमध्ये पोझिशन() लिहावे. मग गणती एकाची आणि पोशाख दुसऱ्याचा, असे दोन्ही साधते.

पोझिशन()बरोबर लास्ट() हे फंक्शन असते, आणि ‘चारपैकी दुसरा’ असे छापणे किंवा शेवटचा सोडून प्रत्येक नावापुढे स्वल्पविराम देणे ही कामे दोघे मिळून उरकतात. एक ओळ पांढरी व एक ओळ करडी रंगविण्यासाठी पोझिशन()ला दोनाने भागून बाकी पाहिली की पुरे. मात्र एका फॉर-ईचच्या आत दुसरे फॉर-ईच आले की आतील पोझिशन() आतल्या यादीचे होते. बाहेरचा आकडा आत हवा असल्यास आत शिरण्यापूर्वीच तो चलात धरून ठेवावा.

मूळ स्थान विचारण्याची दुसरी, पुष्कळांच्या हातवळणी पडलेली रीत म्हणजे आधीची भावंडे मोजून त्यात एक मिळविणे: काउंट(प्रिसीडिंग-सिब्लिंग::ठराव) + 1. ही रीत निःसंदिग्ध आहे, सॉर्टला भीक घालत नाही, आणि आधीच्या कोणत्या भावंडांस मोजावे याची अट तिला हवी तशी जोडता येते. दोष खर्चाचा आहे. प्रत्येक घटक आपल्या मागील सर्व भावंडांची मोजदाद नव्याने करतो. भावंडे दहा असतील तर ते कोणाच्या लक्षातही येत नाही, पण एकाच जनकाच्या पोटी दहा हजार असतील तर एकूण मोजण्या ४,९९,९५,००० होतात, आणि काही क्षणांत होणारे रूपांतर रेंगाळू लागते. आणखी एक खबरदारी येथेच सांगून ठेवतो. मागे पाहणाऱ्या अक्षांवर कंसातील आकडा उलट दिशेने मोजला जातो, म्हणून प्रिसीडिंग-सिब्लिंग::ठराव[1] म्हणजे लगेच मागचा ठराव, सर्वांत पहिला नव्हे. पहिला हवा तर आधीची सर्व अभिव्यक्ती गोल कंसात घालून मग चौकोनी कंस द्यावा.

या कामासाठीच खास निर्माण केलेला आदेश म्हणजे नंबर, आणि मूळ क्रम हवा असेल तेथे माझे मत निःशंकपणे त्याच्याच बाजूचे आहे. काही न सांगता तो नुसता लिहिला तर चालू घटकाच्या नावाची भावंडेच तो मोजतो. म्हणजे मथळे आणि टिपणे आपोआप वगळली जाऊन ठरावांना एक ते चार हे आकडे मिळतात, आणि रिकाम्या जागांचा उपद्रवही राहत नाही. निरनिराळ्या नावांची भावंडे एकाच माळेत ओवावयाची असल्यास काउंट या ॲट्रिब्यूटमध्ये ‘ठराव|टिपण’ अशी उभी रेघ देऊन ती सांगावीत. केवळ मंजूर ठरावच मोजावयाचे असल्यास चौकोनी कंसातील अटही तेथेच लिहावी. चालू घटक काउंटमध्ये बसत नसेल तर नंबर त्याच्या पूर्वजांकडे वर चढतो आणि जो प्रथम बसेल त्याचा क्रमांक देतो. ठरावाच्या पोटातील एखाद्या उपकलमापाशी उभे राहून ठरावाचा आकडा छापावयाचा असेल तेव्हा ही चढण उपयोगी पडते. एकही पूर्वज बसला नाही तर काहीच छापले जात नाही. क्रमांकाची जागा अशी रिकामी आली तर प्रथम नेमस्पेसची तपासणी करावी: दस्तऐवजाला डिफॉल्ट नेमस्पेस असताना काउंटमध्ये उपसर्गाविना नाव लिहिले, की एक्सएसएलटी १.० च्या दृष्टीने ते भलतेच नाव ठरते.

आपल्या इतिवृत्तात दुसऱ्या मथळ्यानंतर क्रमांक पुन्हा एकपासून सुरू व्हावेत अशी मागणी आली, तर काम जरा खोलात जाते, कारण मथळे हे ठरावांचे जनक नसून भावंडे आहेत. नंबरचे फ्रॉम हे ॲट्रिब्यूट अशाच पुनरारंभासाठी आहे असे वाटून पुष्कळ जण ते नुसतेच जोडतात आणि काही उपयोग झाला नाही म्हणून हताश होतात. नंबरच्या लेव्हल या ॲट्रिब्यूटची स्वाभाविक किंमत सिंगल ही असते, आणि त्या अवस्थेत फ्रॉम केवळ पूर्वजांची हद्द आखते, भावंडांची नव्हे. लेव्हलला ‘एनी’ अशी किंमत देऊन फ्रॉममध्ये ‘मथळा’ लिहिले की चालू ठरावाच्या आधी येणाऱ्या सर्वांत जवळच्या मथळ्यानंतरचे ठरावच मोजले जातात, आणि १, २, १, २ असे हवे तसे आकडे उमटतात. एनी मुळात तळटिपांसारख्या, साऱ्या दस्तऐवजभर विखुरलेल्या घटकांसाठी आहे, हे खरे. पण सपाट रचनेतील भावंडांसाठी त्याच्याइतका सुटसुटीत मार्ग १.० मध्ये मला दुसरा दिसत नाही. २००७ मध्ये मायकेल के यांच्या संपादनाखाली आलेल्या २.० मध्ये फॉर-ईच-ग्रुप आदेशाने मथळ्यापासून सुरू होणारे गट पाडता येतात आणि प्रत्येक गटात पोझिशन() वापरता येते; प्रोसेसर त्या आवृत्तीचा असेल तर तो मार्ग अधिक सरळ. लेव्हलच्या तिसऱ्या किमतीने, मल्टिपलने, २.३ किंवा ४.१.२ असे साखळी-क्रमांक मिळतात. तिच्यात अडखळण्यासारखे विशेष काही नाही.

नंबरचे फॉरमॅट हे ॲट्रिब्यूट मात्र मराठी वाचकाला विशेष जवळचे, आणि विशेष फसवे. त्यात इंग्रजी आकडा 1 दिला तर इंग्रजी अंक, छोटे रोमन अक्षर a दिले तर अक्षरे, हे सर्वश्रुत आहे. नागरी १ दिला तर? नियम असा आहे की ज्या चिन्हाचे युनिकोडमधील दशमान मूल्य एक असेल, त्याच्या कुळातील अंकांनी आकडा लिहावा. तेव्हा नागरी १ वरून १, २, ३ … १० ही माळ नियमानेच मिळते, आणि ०१ लिहिले तर ०१, ०२ अशी. एक्सएसएलटीच्या मूळ विनिर्देशात उदाहरण थाई अंकांचे दिले आहे, पण नियम आपल्या अंकांनाही तितकाच लागू आहे. अ, आ, इ किंवा क, ख, ग या माळांची गोष्ट वेगळी; त्या प्रोसेसरच्या मर्जीवर सोडलेल्या आहेत, आणि ज्याला ती माळ ठाऊक नाही त्याने इंग्रजी 1, 2 छापावेत असा दंडकच आहे. म्हणून त्यावर विसंबू नये; सबस्ट्रिंग('कखगघङचछजझञ', क्रमांक, 1) अशा अभिव्यक्तीने अक्षर स्वतःच उचलावे, आणि कंसातील ‘क्रमांक’च्या जागी आपला हिशेब लिहावा. स्वरमाळेतील अं आणि अः, तसेच क्ष आणि ज्ञ, ही मात्र एकाहून अधिक संकेतांकांची अक्षरे असल्यामुळे या युक्तीत बसत नाहीत.

फसगत होते ती अशी. फॉरमॅटमध्ये ‘ठराव १: ’ असे लिहिले की ‘ठराव १: ’, ‘ठराव २: ’ छापले जाईल अशी अपेक्षा असते, आणि छापला जातो नुसता इंग्रजी आकडा व पुढे अपूर्णविराम. कारण फॉरमॅटमध्ये अक्षरे आणि अंक यांचा प्रत्येक सलग पुंजका हा क्रमांकाचा नमुना मानला जातो, आणि उरलेली चिन्हे विराम मानली जातात. काना हे युनिकोडच्या वर्गवारीत अक्षर नव्हे, तेव्हा ‘ठराव’ शब्दाचे ‘ठर’, काना आणि ‘व’ असे तुकडे पडतात. ‘ठर’पासून सुरू होणारी अंकमाळ कोणत्याच प्रोसेसरला माहीत नसते, म्हणून तो इंग्रजी अंकांवर येतो, आणि शब्द गडप होतो. उपाय: शब्द नंबरच्या बाहेर, टेक्स्ट आदेशात लिहावा, आणि फॉरमॅटमध्ये केवळ अंक, कंस व विरामचिन्हे ठेवावीत. ओघात आले म्हणून सांगतो, ग्रुपिंग-सेपरेटर आणि ग्रुपिंग-साइझ यांनी आकड्यांत स्वल्पविराम देता येतात, पण गटाची लांबी एकच असावी लागत असल्यामुळे लाख-कोटींची आपली पद्धत त्यांना साधत नाही.

पुढे एखाद्या टिपणात ‘ठराव ३ पाहावा’ असा हवाला द्यावयाचा असतो, आणि येथे पोझिशन() पूर्णपणे निरुपयोगी ठरते, कारण त्या क्षणी चालू यादी टिपणांची असते. ठरावाला एक ओळखचिन्ह द्यावे, ‘की’ या आदेशाने त्याची सूची करावी, फॉर-ईचने तो ठराव गाठून त्याच्या आत नंबर लिहावा; २.० मध्ये नंबरलाच सिलेक्ट आल्यामुळे हा वळसाही वाचतो. याहून शहाणपणाचे म्हणजे क्रमांक छापण्याची कृती एका स्वतंत्र मोडमधील टेम्प्लेटमध्ये ठेवावी आणि शीर्षक, अनुक्रमणिका व हवाले या तिन्ही ठिकाणांहून तिलाच बोलवावे. डॉकबुकच्या सुप्रसिद्ध स्टाइलशीटांत लेबल.मार्कअप नावाच्या मोडने हेच केलेले आढळते. क्रमांकाचा नियम बदलला तर एकच ठिकाण दुरुस्त करावे लागते, आणि अनुक्रमणिकेत एक व अंगात दुसरा असा विसंवाद उद्भवत नाही.

आता तो तिसरा क्रम, ज्याची गणती करताच कामा नये. भारताच्या संविधानात २००२ च्या ८६ व्या दुरुस्तीने अनुच्छेद २१ अ घातला गेला, १९७८ च्या ४४ व्या दुरुस्तीने मालमत्तेविषयीचा अनुच्छेद ३१ वगळला गेला, आणि तरीही शेवटचा अनुच्छेद ३९५ हाच राहिला. संविधान एक्सएमएलमध्ये उतरवून अनुच्छेदांना स्टाइलशीटने क्रमांक लावू जाणारा मनुष्य २१ अला बावीस म्हणेल, आणि मग पुढील प्रत्येक अनुच्छेद न्यायनिवाड्यांतील उल्लेखांपासून ढळेल. अशा दस्तऐवजात क्रमांक हा मजकुराचाच भाग असतो; म्हणूनच विधिमंडळीय कागदपत्रांसाठीच्या अकोमा एनतोसो या मानकात त्यासाठी स्वतंत्र घटक आहे, आणि ग्रंथांच्या संकेतनासाठीच्या टीईआय या मानकात एन हे ॲट्रिब्यूट आहे. आपल्या संस्थेचे इतिवृत्त एकदा पुढील सभेत वाचून कायम झाले की त्यातील ठरावांचेही तेच होते. त्यानंतर क्रमांक दस्तऐवजात ॲट्रिब्यूट म्हणून लिहून ठेवावा आणि स्टाइलशीटने तोच छापावा.

गणती करणारी अभिव्यक्ती तेव्हा पुसून टाकण्याचे कारण नाही. नोंदलेला क्रमांक आणि मोजून आलेला क्रमांक यांची तुलना करावी, आणि तफावत दिसल्यास मेसेज आदेशाने एक ओळ लिहून द्यावी: अमुक ठराव, नोंद ५, मोजणी ४. रूपांतर थांबवू नये. छापील प्रतीत नोंदीचाच आकडा राहू द्यावा, आणि तफावतीची यादी चिटणीसांकडे धाडावी, म्हणजे मधला ठराव रीतसर रद्द झाला होता की नकलताना गळला, हे त्यांना मूळ वहीवरून पाहता येईल.